आतषबाजी : बंदी, परवाना आणि समाजाचे अनुशासन

(तासगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



फटाके आणि आतषबाजी यांवर शासनाने नियंत्रण आणावे काय, आणावे तर ते कसे असावे, या विषयावर बोलण्यास तासगावइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. याच तालुक्यात, सांगलीच्या वाटेवर, कवठे एकंद वसले आहे. विजयादशमीच्या रात्री तेथे श्री सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यासमोर शोभेच्या दारूची जी आतषबाजी होते, ती पाहण्यासाठी पंचक्रोशीतूनच नव्हे, दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक येतात. औट, लाकडी शिंगटे, झाडकाम, नागफणी, फिरती चक्रे ही नावे पुण्यामुंबईच्या माणसाला ठाऊक नसतील. येथील लहान मुलालाही ती ठाऊक आहेत. गावातली मंडळे दसऱ्याआधी कित्येक दिवस या तयारीत गुंतलेली असतात आणि पालखीपुढे सारे गाव जातपात विसरून एकवटते.

त्याच कवठे एकंदने मे २०१५ मध्ये आणखी एक आतषबाजी पाहिली. दसरा नव्हता, दिवाळी नव्हती. फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि पोटासाठी तेथे काम करणारे अनेक कामगार प्राणास मुकले. ही दोन्ही चित्रे एकाच गावची आहेत. त्यांपैकी एकच डोळ्यांसमोर ठेवून जो बोलेल, तो अर्धेच बोलेल. म्हणून आज आपण दोन्ही समोर ठेवून विचार करू.

दोन टोके

दरवर्षी दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर म्हणतो, फटाके म्हणजे केवळ धूर आणि गोंगाट. सरसकट बंदी घाला. दुसरा सूर म्हणतो, हा आमचा सण आहे, शासनाने आणि न्यायालयाने यात बोट घालू नये. पहिल्या सुराला परंपरेची जाण नाही. दुसऱ्याला दारूकाम करणाऱ्या मजुराची आठवण नाही. दोन्ही सुरांत एक गोष्ट मात्र समान आहे. दोघांचेही लक्ष फटाका उडतो त्या रात्रीवर आहे. तो तयार होतो त्या दिवसांकडे कोणीच पाहत नाही. माझ्या मते या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे आणि आज मला मुख्यतः तेच मांडायचे आहे.

परंपरा नेमकी काय सांगते?

प्रथम परंपरेचा विचार करू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर, विद्वान संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इ. स. १४०० ते १९०० या पाच शतकांचा इतिहास लिहिला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. विजयनगरच्या दरबारातील उत्सवापासून ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृतींपर्यंत असंख्य पुरावे त्यांनी एकत्र केले. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त विवाहसोहळ्यातील आतषबाजीचे वर्णन केले आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ‘पेशव्यांची बखर’ या ग्रंथात तर एक मनोहर प्रसंग आहे. कोट्याचा राजा दिवाळीत ‘दारूची लंका’ उडवतो, तीत रावण, राक्षस, वानर आणि प्रचंड हनुमान असे सगळे दारूचेच केलेले असतात, असे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितले. पेशव्यांना कुतूहल वाटले आणि पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उडवण्यात आली. श्रीमंत आणि सरदार पर्वतीवरून ती पाहत होते, आणि नगरजनांनी टेकडीच्या चहूबाजूंनी गर्दी केली होती.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, आतषबाजी हे काल-परवाचे थेर नव्हे. ती किमान पाच-सहा शतकांची लोककला आहे आणि तिला ‘केवळ प्रदूषण’ म्हणून झटकून टाकणारा आपलेच अज्ञान प्रकट करतो. दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. दिवाळीचे धर्मकृत्य म्हणून शास्त्रकारांनी सांगितले ते अभ्यंगस्नान, दीपदान, लक्ष्मीपूजन आणि पितरांना वाट दाखवणारे उल्कादान. उल्का म्हणजे पेटते चूड, मशाल. त्यात प्रकाश आहे. कानठळ्या बसवणारा आवाज नाही. दारूचे ज्ञानच मुळी या देशात नंतर आले. कवठे एकंदच्या औटाचे आणि चक्राचे वैभवही मुख्यतः प्रकाशाचे आहे. तेव्हा सुतळी बॉम्बला धर्माचे अंग मानून त्याच्या रक्षणार्थ उभे राहणे परंपरेच्या दृष्टीनेही टिकणारे नाही.

कायदा काय आहे?

आता शासनाकडे वळू. कायदाच नाही, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. मूळ स्फोटक कायदा इंग्रजांच्या काळातला, १८८४ चा. राज्यघटनेने स्फोटके हा विषय केंद्र सूचीत ठेवला आहे. त्यानुसार केंद्राने केलेले स्फोटक नियम २००८ चे आहेत आणि ज्या संघटनेवर त्यांच्या अंमलबजावणीचा भार आहे, तिचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. निर्मिती, साठा, वाहतूक, विक्री आणि सार्वजनिक आतषबाजी या प्रत्येकास वेगळा परवाना लागतो. अल्प प्रमाणातील निर्मितीचा आणि किरकोळ विक्रीचा परवाना जिल्हाधिकारी देतात, मोठ्या निर्मितीचा परवाना केंद्रीय यंत्रणा देते.

दिवाळीत मैदानात लागणाऱ्या तात्पुरत्या दुकानांचे उदाहरण घ्या. दुकानाची शेड ज्वालाग्राही नसलेल्या साहित्याची असावी, दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर असावे, वस्तीतील संरक्षित वास्तूपासून ती पन्नास मीटर दूर असावीत, दुकाने समोरासमोर नसावीत, उघडा दिवा नसावा आणि एका जागी पन्नासांहून अधिक दुकाने नसावीत, इतके बारकावे नियमांत आहेत. पुढच्या दिवाळीत आपापल्या गावच्या मैदानावर जाऊन पायाने अंतर मोजून पाहा. नियम आणि व्यवहार यांतील दरीही मोजली जाईल.

आवाजाचेही तसेच. स्फोटस्थानापासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्याची निर्मिती, विक्री आणि वापर १९९९ च्या अधिसूचनेने निषिद्ध केला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके उडवण्यास सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये मनाई केली. ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने सरसकट बंदी नाकारली. पण लडी आणि बेरियमचे क्षार असलेले फटाके यांना मनाई केली, ऑनलाइन विक्री थांबवली, दिवाळी आणि तत्सम सणांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ नेमून दिली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या ‘हरित’ फटाक्यांची वाट दाखवली. हे हरित फटाके विकसित करण्यात नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यांतून धूलिकणांचे उत्सर्जन सुमारे तीस टक्क्यांनी घटते. घटते म्हणजे संपते असे नव्हे, हेही ग्राहकाने ध्यानी ठेवावे.

मग माणसे का मरतात?

नियम इतके असताना माणसे का मरतात? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे रसायनशास्त्र समजून घेतले पाहिजे. गंधक तासगावकरांना नवा नाही. द्राक्षावरील भुरीसाठी आपण तो फवारतो, बेदाण्याला त्याची धुरी देतो. जुन्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असे. हे मिश्रण धोकादायक खरेच. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांना त्याचा स्वभाव ठाऊक होता. पुढे सोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट वापरण्याचा मोह शिरला. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की मिश्रण इतके नाजूक होते की घर्षणाने, आघाताने, प्रसंगी आपोआपही ते पेट घेते. म्हणूनच भारत सरकारने १९९२ साली गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणाच्या निर्मितीवर आणि ते बाळगण्यावर बंदी घातली. या बंदीची माहिती दारूकाम करणाऱ्या प्रत्येक हातापर्यंत पोहोचवणे हे कोणाचे काम होते? परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने कारखान्यात किती वेळा पाऊल ठेवावे? दुर्घटना घडल्यावर चौकशी होते, मदत जाहीर होते आणि पुढच्या हंगामात मागणी आली की दुसऱ्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये तेच काम तशाच हातांनी सुरू होते.

डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे जे घडले, ते आठवा. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत होत्या. कारखान्यास परवाना नव्हता. आग लागली आणि बळी गेले ते मुख्यत्वे रोजंदारीवर राबणाऱ्या स्त्रियांचे. शिवकाशीजवळ सप्टेंबर २०१२ मध्ये एका कारखान्यात सुमारे चाळीस जण गेले. गुजरातेत डीसा येथे १ एप्रिल २०२५ रोजी फटाक्यांच्या गोदामातील स्फोटात एकवीस जण मृत्युमुखी पडले. ते मध्य प्रदेशातून पोट भरण्यासाठी आलेले मजूर होते, त्यांत मुलेही होती. यांपैकी एकही दुर्घटना दिवाळीच्या रात्री घडलेली नाही. केवळ दिवाळीच्या दोन तासांवर पहारा ठेवणारे नियमन या माणसांना वाचवू शकले नसते.

देवस्थानाच्या आतषबाजीचाही एक कठोर धडा आहे. केरळात कोल्लमजवळ परवूर येथील पुट्टिंगल देवीच्या मंदिरात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे दारूच्या साठ्याने पेट घेतला आणि शंभरांहून अधिक भाविक प्राणास मुकले. दोन गटांत आतषबाजीची स्पर्धा लागली होती. जिल्हा प्रशासनाने स्पर्धेस परवानगी नाकारलेली होती. तरीही ती झाली. नकाराचा कागद फायलीत राहिला आणि दारू मंदिराच्या आवारात पोहोचली. केवळ बंदीचा हुकूम काढून कर्तव्य संपले असे मानणाऱ्या प्रशासनाने आणि देवाच्या नावावर ईर्ष्या जोपासणाऱ्या आयोजकांनी, दोघांनीही हा प्रसंग विसरू नये.

पक्षपाताची तक्रार

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात असलेल्या प्रश्नाला हात घालतो. निर्बंध नेहमी हिंदूंच्याच सणांच्या वेळी का आठवतात? ही तक्रार निराधार आहे असे मी म्हणणार नाही. निवडणुकीच्या निकालानंतरची मिरवणूक, क्रिकेटचा विजय, धनिकाघरचे लग्न, एकतीस डिसेंबरची मध्यरात्र या प्रसंगी डेसिबल मोजण्यास कोणी फिरकत नाही आणि दिवाळी येताच सर्वांना पर्यावरणाचा पुळका येतो, हे आपण पाहतो. अंमलबजावणीतील ही विषमता दूर झालीच पाहिजे, कारण विषम रीतीने राबवलेल्या कायद्याबद्दल जनमानसात आदर उरत नाही.

तथापि, प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की निकालाचा शब्द एका धर्मापुरता नाही. २०१८ च्या निकालाने नाताळ आणि नववर्षाच्या मध्यरात्रीस जेमतेम पस्तीस मिनिटे दिली. दिवाळीस दोन तास. तमिळनाडूत दिवाळी पहाटे साजरी होते, म्हणून तेथील शासनाने न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा ते दोन तास कोणते असावेत हे ठरवण्याची मुभा न्यायालयाने काही दिवसांतच दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली परिसरात हरित फटाक्यांना मर्यादित काळासाठी अनुमती देण्यात आली. म्हणजे रीतसर, पुराव्यासह मागणी केली तर दार उघडते.

इंग्लंडचे उदाहरण तर आपल्याला सुखद वाटावे. तेथे २००४ च्या नियमांनुसार रात्री अकरानंतर फटाके उडवण्यास मनाई आहे. पण दिवाळीच्या रात्री ही मर्यादा एक वाजेपर्यंत शिथिल होते. परक्या देशाच्या कायद्यात आपल्या सणाचा नावानिशी उल्लेख आहे. हा सन्मान तेथील हिंदू समाजाला कायदा मोडून मिळालेला नाही. उलट नेदरलँड्सकडे पाहा. तेथे मे २००० मध्ये एन्स्खेडे शहरात, वस्तीतल्या फटाका-गोदामाच्या स्फोटात तेवीस जण गेले. पुढेही नववर्षाच्या रात्रीचा धिंगाणा आवरेना, तेव्हा २०२५ मध्ये तेथील संसदेने घरगुती फटाक्यांवर बंदीचा कायदा संमत केला. समाज स्वतःला आवरत नाही, तेव्हा शासनाचा हात शेवटी बंदीपर्यंत जातो, हा यातला बोध आहे.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. ‘त्यांनी बंदी घातली, म्हणून आम्ही दुप्पट फोडणार’ या आवेशाला धर्मनिष्ठा म्हणता येत नाही. शेजारच्या घरात दम्याचा रुग्ण आहे, पाळण्यात तान्हे मूल आहे. तेही आपल्याच समाजाचे घटक आहेत. समाजसंघटनेची भाषा बोलणाऱ्याने पहिला विचार त्यांचा करायचा असतो.

नियमन कसे असावे?

नियमन असावे, ते वर्षभराचे असावे आणि त्याचा भर निर्मितीवर असावा. ही माझी भूमिका चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा निर्मितीचा. पारंपरिक दारूकाम करणाऱ्या गावांत सरसकट बंदी घातली, तर काम थांबणार नाही. ते घराच्या माळवदावर आणि मागच्या परड्यात जाईल. त्यापेक्षा वस्तीपासून दूर, सुरक्षित अंतरावरच्या छोट्या स्वतंत्र खोल्यांची सामाईक जागा शासनाने उपलब्ध करून द्यावी. एका वेळी थोडा माल, मोजकी माणसे, लोखंडी अवजारांना मज्जाव, रसायनांचा स्वतंत्र साठा, ही शिस्त तेथे पाळता येते. कारागिराला प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्यावे, त्याचा विमा सक्तीचा असावा.

दुसरा मुद्दा तपासणीचा. ती दिवाळीच्या आठवड्यात नको, बारमाही हवी. क्लोरेट कोण विकतो आणि कोण घेतो याची नोंद तपासली, तर अर्धे काम होईल. बाजारात आलेल्या मालाची आवाज-चाचणी प्रदूषण नियंत्रण मंडळ करीत आले आहे. दोषी ठरलेल्या मालाबद्दल दंड फेरीवाल्याला न होता उत्पादकाला झाला पाहिजे.

तिसरा मुद्दा सामूहिक आतषबाजीचा. घरोघर, गल्लीगल्लीत लडी लावण्यापेक्षा मोकळ्या मैदानात, जाणत्या कारागिरांच्या हातून, ठरलेल्या वेळी होणारी आतषबाजी अधिक सुंदर आणि कमी घातक असते. पर्वतीच्या पायथ्याशी उडालेली लंका ही अशीच होती. कवठे एकंदसारख्या परंपरांसाठी रात्रभराच्या पालखीचा आणि न्यायालयीन वेळेचा मेळ कसा घालावा, हे ग्रामस्थ आणि प्रशासन यांनी दसऱ्याआधी काही महिने एकत्र बसून ठरवावे. आवाजाचे प्रकार आधी आटोपावेत आणि प्रकाशाच्या प्रकारांना वेळेची सवलत हवी असेल, तर ती तमिळनाडूप्रमाणे रीतसर मागावी.

चौथा मुद्दा समानतेचा. जो नियम दिवाळीला, तोच विजयी उमेदवाराच्या मिरवणुकीला. याची सुरुवात राज्यकर्त्यांनी स्वतःच्या मिरवणुकीपासून करावी.

हे सारे कागदावर ठीक, प्रत्यक्षात कोण पाळणार, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर याच तालुक्याने दिले आहे. २०१० साली एका संजीवकाचे अंश सापडले म्हणून युरोपच्या बंदरांवर भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर शेतकऱ्याने काय केले? बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेतली तपासणी हे सारे अंगवळणी पाडले. कटकट वाटली, पण आपल्याच द्राक्षाची पत वाढते हे त्याने ओळखले. द्राक्षाच्या बाबतीत ज्या माणसाला नियम पाळता येतो, त्याला शोभेच्या दारूच्या बाबतीतही तो पाळता येईल.

दुसरे उदाहरण या तालुक्यातील अंजनी गावचे सुपुत्र कै. आर. आर. पाटील यांचे. राजकीय मतभेद बाजूला ठेवून सांगतो की त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने आणि महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने एक गोष्ट सिद्ध केली. शासनाने चौकट घालून दिली आणि गावावर विश्वास टाकला, तर जे काम शिपाई आणि दंड यांनी होत नाही, ते गाव स्वतः करून दाखवते. ‘सुरक्षित आतषबाजी’ची अशीच एखादी योजना दारूकामाच्या गावांसाठी का असू नये?

बंधुभगिनींनो, शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपण घरी काय करणार, हा प्रश्न उरतोच. फटाके घेताना पक्की पावती मागा, परवानाधारक दुकानातूनच घ्या, खोक्यावर उत्पादकाचे नाव आणि हरित फटाक्याची खूण पाहा. मुलांना लडीऐवजी भुईनळा आणि चक्र द्या. आपल्या गल्लीत रुग्णालय किंवा आजारी माणूस असेल, तर मंडळाच्या बैठकीत तो विषय स्वतः मांडा. आणि कोठे वस्तीत चोरून दारूचा साठा केलेला आढळला, तर नात्यागोत्याची भीड न धरता तो उघड करा. तेथे राबणारी बाई किंवा पोर आपलेच आहे.

कवठे एकंदची पालखी यापुढेही दर दसऱ्याला निघावी, तिच्यापुढे औट उजळावेत, चक्रे फिरावीत, आणि ती दारू ज्यांनी घडवली ते कारागीर दुसऱ्या दिवशी सकाळी सुखरूप आपल्या शेतावर जावेत. परंपरेचा अभिमान आणि माणसाची काळजी यांत निवड करण्याची वेळ या गावावर येऊ नये, एवढीच या विषयातील माझी मागणी आहे. ती शासनाकडे आहे, तितकीच आपल्या सर्वांकडे आहे.